फोटोखालची ओळ

माणसाचा स्वाभिमान एकदा जागा झाला की जगातली कोणतीही ताकद त्याला थोपवू शकत नाही, असं ठरवून पल्लवीने बॅकस्पेसची कळ दाबली, आणि कळ खालीच गेली नाही. करवंदाचा चीक. सकाळी रानातून टोपली भरून आल्यावर हात न धुताच ती लॅपटॉपला बसली होती... तिने कळ नखाने उचकटली. पुन्हा दाबली. स्वाभिमान एक अक्षर मागे सरकला.

लवळ्याच्या कॉलेजचं कॅन्टीन, दुपारचे बारा. तीनला सरांपुढे सादरीकरण. टीम तिघांची: इंद्रजित नेता, स्नेहलकडे मजकूर आणि रंग, आणि पल्लवीकडे ‘बाकीचं’, म्हणजे वेबसाइट. नाव ‘अनुभवा मुळशी’. उघडल्याबरोबर पडदाभर जी बाई दिसते ती पल्लवीची आई, हे पल्लवीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली स्नेहलची ओळ: ‘सह्याद्रीची निरागस लेक. या निर्मळ हास्यात मुळशीचं मन आहे.’

हास्य... पौड रस्त्याच्या वळणावर आई करवंदांचे द्रोण मांडून बसते. त्या संध्याकाळी तिने घरी सांगितलं होतं, की एक काळ्या चष्म्याचा आला, रस्त्यातच गुडघे टेकून बसला (तिला आधी वाटलं, पाया पडतोय), सात फोटो काढले आणि द्रोण एकसुद्धा न घेता गेला. त्याला आपण काय सुनावलं, तेही तिने करून दाखवलं होतं, अगदी तेवढंच तोंड उघडून. म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर इंद्रजितने फोटो टाकला तेव्हा पल्लवीला तो दिसला नाही, ऐकू आला.

फोटोखाली लाल बदाम पडत गेले. अकरा. अकरावा तिचा.

का टाकला? सगळ्यांनी टाकला म्हणून... टाकला नसता तर कुणी विचारलं असतं? कुणी नाही. राहायला कुठे, एवढंच एकदा कुणीतरी विचारलं होतं, आणि तिने ‘पौडच्या पुढे’ म्हणून सोडवून घेतलं होतं. पौडच्या पुढे थेट कोकणापर्यंत काहीही असू शकतं. चार दिवस तो बदाम घशाखाली उतरेना. रोज सकाळी काट्यांत हात घालता घालता आई विचारी, गप का गं? आणि ती म्हणे, प्रोजेक्ट हाय.

तर आता बस्स. या पानाची एकेक चौकट मी बांधलीय, आणि माझ्या आईला मी निरागस म्हणू देणार नाही. ती निरागस असती तर आत्तापर्यंत लोकांनी टोपलीसकट नेली असती! — नख दुखेपर्यंत कळ उचकटून तिने ‘निरागस’ घालवलं, ‘निर्मळ’ घालवलं, मग नवी ओळ लिहिली:

‘कृष्णाबाई, पौड रस्त्याच्या वळणावरच्या. फोटो काढला तेव्हा म्हणत होत्या, “आधी दोन द्रोण घे. न्हाईतर जा, तुज्या आईचा काढ फोटू.”’

इंद्रजित वडापाव खात मागे येऊन उभा राहिला होता. चष्मा कपाळावर. त्याने ओळ दोनदा वाचली.

“ती असं म्हणाली, हे तुला काय माहीत?”

“माझी आई हाय ती.” तो ‘हाय’ निसटला, तिने तो तसाच राहू दिला. “सात फोटो काढलेस. द्रोण एक न्हाई घेतलास.”

समोर बसलेल्या स्नेहलचा चमचा चहात थांबला.

तो हसला तर काय बोलायचं, हे पल्लवीने पाठ केलं होतं. माफी मागितली तर त्याहून तिखट काहीतरी. सरांकडे गेला, तर त्याचीही तयारी होती. इंद्रजित खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “सहा फोटो.”

बास, एवढंच. चार दिवस धार लावलेला राग हातात तसाच राहिला, ठेवायला जागा मिळेना... आणि त्यातला निम्मा तरी आपल्याच अकराव्या बदामावरचा होता, असं तिला आत्ता, त्याच्या बोटाला लागलेल्या चटणीकडे बघताना, वाटून गेलं. तो फोटोच्या कोपऱ्यात पाहत होता. तिथे बारीक अक्षरांत ‘छायाचित्र: इंद्रजित’ असं होतं.

“माझं नाव तेवढं काढतेस?”

तिने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

“तूच काढ. कळ अडकते ती... जरा जोरात दाब.”