पत्र्यावरचं ‘कै.’

मी एक जुना पत्रा आहे. सध्या एका बागेच्या दारावर पाटी म्हणून कामाला आहे. मित्रांनो, आम्हा पत्र्यांमध्ये ही मोठी नोकरी समजली जाते. कारखान्यातून आम्ही सात भाऊ एकाच गठ्ठ्यात बाहेर पडलो. तिघे छप्पर झाले, ते कायम उन्हात. दोघांची पन्हळ झाली, त्यांना पाऊस नसेल तेव्हा काम नाही. एक पिंप झाला आणि त्याचं पोट सुटलं. अक्षरं मिळाली ती एकट्या मला.

पहिली अक्षरं काही मिरवण्यासारखी नव्हती. ‘येथे कचरा टाकू नये’ असं लिहून मला दोन गल्ल्यांमधल्या उकिरड्यावर ठोकलं. लोक लांबून मला वाचत, जवळ येत आणि बरोबर माझ्याच खाली कचरा टाकत. माझ्यामुळे जागा पटकन सापडायची. एकदा एका गृहस्थाने मोडका सोफा आणला, त्यावर बसून मला शांतपणे वाचलं, “अगदी बरोबर लिहिलंय” म्हणाला आणि सोफा ठेवून निघून गेला.

समोर एक दवाखाना होता. तिथले कंपाउंडर एकदा खिडकीतून औषध देता देता थांबले, बाहेर आले आणि उकिरड्याकडे निरखून बघत म्हणाले, “दुखणं जुनं आहे. पण वाचेल.”

दुसऱ्या दिवशी ते फावडं घेऊन आले. मग रोज येऊ लागले, दवाखाना उघडायच्या आधी दोन तास. कचरा हलायला दीड वर्ष लागलं. सोफा सर्वांत शेवटी गेला. मग त्यांनी झाडं लावली, आणि त्यांना जे येत होतं त्याच पद्धतीने ती वाढवली. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांवर ते कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवत आणि खुणेप्रमाणे पाणी देत. जास्वंदीला दोन खुणा. मोगऱ्याला एक, रिकाम्या पोटी. एखादं रोप रुसलं की त्याला उचलून दुसऱ्या कोपऱ्यात लावत आणि गंभीरपणे सांगत, “हवापालट.”

चाफ्याचं एक खोड दोन वर्षं वाळलेल्या काठीसारखं उभं होतं. शेजारचा शिंपी त्यांना म्हणाला, “काका, ते गेलंय हो. कशाला पाणी घालताय?”

“डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मी कोणाला गेलं म्हणत नाही,” काका म्हणाले.

तिसऱ्या वर्षी त्या काठीला पान फुटलं. शिंप्याने त्या पानाची हात जोडून माफी मागितली. मी स्वतः पाहिलं.

अशी एकतीस झाडं झाली. माझ्यावरचं जुनं वाक्य पुसून मला ‘उद्यान’ असं रंगवलं. नुसतं ‘उद्यान’. एखाद्याला ‘अहो मनुष्य’ अशी हाक मारावी तसं. तरी मी खूश होतो. पुढे रंग उडाला, कडांना गंज चढला, माझ्यावर हरवलेल्या मांजराची जाहिरात चिकटली. मांजर सापडलं, जाहिरात राहिली. दवाखाना बंद झाला तसे कंपाउंडरकाका दिवसभर बागेतच असायचे. काकू चहा घेऊन यायच्या आणि रोज ऐकवायच्या, “घरी एक बायको पण लावली होती तुम्ही. आठवतंय का?”

“तुझी मुळं घट्ट आहेत,” काका म्हणायचे. “तुला कशाला पाणी लागतंय?”

“लागतं हो,” काकू म्हणायच्या आणि चहा पुढे करायच्या.

मग एका सकाळी पालिकेच्या कचेरीतली दोन माणसं आली आणि त्यांनी झाडांच्या मधून चुन्याच्या रेघा मारल्या. बागेच्या जागी गाड्या उभ्या राहणार होत्या. एकतीस झाडांत बावीस गाड्या बसतात, असा त्यांचा हिशेब होता. काका बाटली घेऊन पाणी घालायला लागले. त्या दिवशी मोगऱ्याला दोन खुणा पाणी गेलं.

शिंप्याने कचेरीत चार चकरा मारून एक नियम शोधला. नाव नसलेली बाग म्हणजे मोकळी जागा, तिथे काहीही करता येतं. नाव दिलेल्या बागेला मात्र हात लावता येत नाही. झालं! दोन्ही गल्ल्यांनी एकमताने ठरवलं की काकांचंच नाव द्यायचं. तेही ‘कंपाउंडरकाका उद्यान’. खरं नाव लिहिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, हे कोण? शिंप्याने अर्ज भरला. पंधरवड्यात मंजुरी आली. मला घासलं, गंज काढला, मांजर काढलं, निळा रंग दिला.

समारंभाला मी पडद्याखाली होतो. पडदा शिंप्याने शिवला होता आणि सवयीने त्याला खिसाही लावला होता. दोरी अर्थात काकांनीच ओढली. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या.

माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : कै. कंपाउंडरकाका उद्यान.

‘कै.’ म्हणजे कैलासवासी, म्हणजे हे गृहस्थ आता हयात नाहीत. गृहस्थ हातात दोरी घेऊन उभे होते. त्यांनी मला पूर्ण वाचलं आणि म्हणाले, “डोस जरा लवकर दिलात.”

“मंजुरीवर आहे तेच उतरवलंय!” पेंटर घाबरून म्हणाला.

सगळे शिंप्याकडे वळले. “अर्जावर ‘कै.’ छापलेलंच होतं,” तो रडवेला झाला. “पुढे रिकामी जागा होती. मी ती भरली.”

कचेरीतले साहेब गडबडून उठले. “जिवंत व्यक्तीचं नाव देता येत नाही. ‘कै.’ काढलं तर मंजुरी जाईल. मंजुरी गेली तर बाग जाईल.” मग त्यांनी काकांना हळूच विचारलं, “तब्येत कशी असते सध्या?”

“एकदम ठणठणीत.”

“अरेरे,” साहेब म्हणाले.

काकांनी झाडांकडे बघितलं. “राहू दे ते ‘कै.’. एकतीस जण जगणार असतील तर मी कागदावर गेलो म्हणून काय बिघडलं?”

“माझं बिघडलं!” काकू उभ्या राहिल्या. “हिंडत्या-फिरत्या नवऱ्याचं ‘कै.’ रोज येता-जाता वाचू मी? ही पाटी आहे तोवर मी या बागेत पाऊल ठेवणार नाही.”

आणि नाही ठेवलं. बाजारात जायलाही त्या मागच्या गल्लीचा वळसा घेऊ लागल्या. काका पाणी घालत होते. एका नव्या माणसाने मला वाचून त्यांनाच विचारलं, “हे काका कधी गेले?”

“आत्ताच. पाणी आणायला,” काका म्हणाले आणि बाटली घेऊन नळाकडे गेले.

विनोद चांगला होता, पण चहाच्या वेळी ते गल्लीच्या वळणाकडे बघत बसायचे. मित्रांनो, माझ्या अंगावर एक धडधडीत खोटं लिहिलेलं होतं, आणि ते पुसलं तर बाग जाणार होती. गंज लागला तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

नवव्या दिवशी काकू आल्या. मागे शिडी घेतलेला पेंटर, त्याच्या मागे शिंपी आणि सर्वांत मागे साहेब. काकूंच्या हातात वर्तमानपत्रातलं शब्दकोडं होतं.

“आडवा शब्द सात,” त्या म्हणाल्या. “‘दुसऱ्याच्या बाजूने उभा राहणारा.’ तीन अक्षरी. पेंटर, त्या ‘कै’च्या पुढे जागा किती आहे?”

“दोन अक्षरं बसतील, काकू. ‘कै.’नंतर मी थोडी जागा सोडतोच. मान म्हणून.”

“मग लिहा. वा. री.”

सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी फाइल उघडली आणि बराच वेळ वाचली. “मंजुरीत ‘कै.’ आहे,” ते म्हणाले. “पण ‘कै.’ म्हणजे काय, ते कुठेच लिहिलेलं नाही.” त्यांनी फाइल बंद केली. “लिहा.”

पेंटरने टिंब पुसलं आणि त्यावरूनच ‘वा’ ओढला, पुढे ‘री’. ओला रंग थंडगार लागला. मी झालो ‘कैवारी कंपाउंडरकाका उद्यान’.

काकांनी ते तीनदा वाचलं. चेहरा लाल झाला. “मला औषधाचं कळतं,” ते पुटपुटले. “एवढं कौतुक एकदम किती घ्यायचं असतं?”

“सगळं,” काकू म्हणाल्या. “बाटली हलवून.” आणि त्या त्यांच्याबरोबर बागेत शिरल्या.

मित्रांनो, माझ्यावर कागद चिकटवू नका आणि जमलं तर दोन वर्षांनी एकदा रंगाचा हात द्या, एवढं मी माझ्यासाठी मागतो. दुसरं मागणं तुमच्यासाठी आहे. तुमच्याही गल्लीत कोणीतरी न सांगता काहीतरी जगवत असेल. त्याला ऐकू येतंय तोवर जाऊन सांगा. पाटी लागत नाही. मी पत्रा आहे, मला कोणी लिहिल्याशिवाय बोलता येत नाही. तुम्हाला तोंड आहे.