बसवलेली टाकी

मेकॅनिकने मागच्या चाकाजवळून काढलेली काळी डबी उलटी केली, तसा तिच्यातून पेट्रोलचा ओघळ त्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत आला. त्याने हात झटकला नाही. डबी तशीच धरून तो म्हणाला,

"ताई, हे बघा. ही कोरडी ठणठणीत असायला हवी."

ती दोन पावलं पुढे आली. सकाळी बाबांची औषधं आणायला म्हणून गाडी काढली आणि ती दोनदा बंद पडली. दुसऱ्यांदा तर भर चौकात, आणि मागच्या टेम्पोवाल्याने तिचा सगळ्यांदेखत उद्धार केला होता. गाडीत पेट्रोलचा असा वास भरला होता की चारही काचा खाली करून ती कशीबशी गॅरेजपर्यंत पोचली होती.

"ह्यात कोळसा असतो. टाकीतली वाफ इथं येते, ती हा शोषून घेतो. वाफ, पेट्रोल नाही. टाकी गळ्यापर्यंत भरली की पेट्रोलच वर चढतं. एवढं कोण भरतं?"

"कोणी नाही. मी भरते, आणि मी पहिल्या टकला थांबते."

हे ती जरा तोऱ्यातच म्हणाली. पंपावरचं नोझल टक् करून आपोआप बंद झालं की बास, त्यापुढे थेंबही नाही. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिची अठरा वर्षं गेली होती. फ्लास्कच्या मानेवरच्या रेघेला पाणी टेकलं की हात थांबवायचा, यावर तर तिचं पोट होतं.

"मग दुसरं कोणीतरी थांबत नाही," मेकॅनिक म्हणाला. "पुस्तिकेत टाकी पस्तीस लिटरची लिहिलीय ना? ते टकपर्यंतचं. कोंबलं तर वर आणखी तीन-चार लिटर मावतं. पण तेवढं रिकामं ठेवायचं असतं हो. उन्हात पेट्रोल फुगतं, त्याने जायचं कुठं? आणि हे एकदा-दोनदाचं नाही. कोळशाचा पार लगदा झालाय. आठ-दहा महिने कोणीतरी अगदी इमानेइतबारे भरतंय."

मग फडक्याला हात पुसत त्याने खिडकीतून आत डोकं घातलं. दाराच्या कडेला मागच्या सर्व्हिसिंगचं स्टिकर होतं. त्यावरचा आकडा आणि समोरच्या मीटरवरचा आकडा त्याने ताडून पाहिला.

"दहा महिन्यांत चार हजार तीनशे किलोमीटर. फिरणं बरंच दिसतंय तुमचं."

ती गाडी फक्त शनिवारी चालवायची. डोळ्यांचा दवाखाना, बाजार आणि परत घर, फार तर पंधरा किलोमीटर. चाळीस शनिवार धरले तरी सहाशे. तिने आकडा पुन्हा वाचला. मग काचेवरची धूळ पदराच्या टोकाने पुसली आणि तिसऱ्यांदा वाचला. आकडा जिथल्या तिथे होता.

टाकी गळ्यापर्यंत भरणारा माणूस तिच्या माहितीत एकच होता. बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली. डिझेल भरताना फेस येतो, फेस उतरेपर्यंत टाकी भरल्यासारखी वाटते आणि पुढे घाटात माणूस तोंडघशी पडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते बसच्या पायरीवर उभे राहून बस गदागदा हलवायचे, फेस खाली बसवायचे आणि वर पुन्हा भरायचे. याला ते 'टाकी बसवणं' म्हणत. घरात तो शब्द सगळ्याला लागू होता. बॅगेत कपडे कोंबताना, डब्यात पीठ ओतताना, मुलीने पोट भरलं म्हटल्यावरही तिच्या ताटात वाढताना, 'बसव जरा, मावेल' हे ठरलेलं. छोटी गाडी आली, डिझेलचं पेट्रोल झालं, नोझल स्वतःहून थांबायला शिकलं. बाबा शिकले नाहीत. पंपावर ते गाडीला कमरेने धक्के देत उभे राहिले की लहानपणी ती लाजेने खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसायची.

पण दीड वर्षापूर्वी त्यांनी गाडी सोडली होती. डावीकडून आलेली सायकलवाली बाई त्यांना दिसलीच नाही. बाई बचावली, नुसतं हँडल घासलं, पण डॉक्टरांनी तपासून सांगितलं की यांना समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. त्या संध्याकाळी बाबांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ स्वतःच्या हाताने मिटली. दुसरी किल्ली कधीचीच हरवली होती, असं आई म्हणाली होती. तेव्हापासून ती दर शनिवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून दोन बस बदलून येत होती.

मेकॅनिकने डबी तात्पुरती सुकवून बसवून दिली, नवी सोमवारी टाकू म्हणाला. त्याचं बोलणं तिच्या कानावरून गेलं. आंधळ्या बाजूने रस्ता ओलांडणारी माणसं, शाळेतली पोरं, म्हातारे तिला एकामागून एक दिसत होते. आणि त्यांच्याही मागे तिला स्वतःचं पत्र दिसत होतं. सहा महिन्यांपूर्वी तिला नव्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून जागा देऊ केली होती. रेल्वेने नऊ तासांवरच्या गावी. अठरा वर्षं तिने जिची वाट पाहिली ती जागा. तिने लिहून कळवलं होतं की आईवडिलांची ने-आण करायला माझ्याशिवाय कोणी नाही, सबब मला येता येणार नाही. आता त्या खुर्चीत तिच्याहून सहा वर्षांनी लहान असलेली सहकारी बसत होती. आणि बाबा इकडे चोरून गाडी हाकत होते.

घरी बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून भिंगातून पेपर वाचत होते. ओळ संपली की भिंग पुन्हा डावीकडे आणायला त्यांना वेळ लागायचा. तिने औषधांची पिशवी ठेवली आणि समोरची खुर्ची ओढली.

"बाबा, किती दिवस चालवताय?"

"काय?"

"गाडी."

भिंग एका शब्दावर थांबलं.

"मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही," ते म्हणाले. "तुझी शपथ."

"माझी शपथ कशाला घालता? चार हजार किलोमीटर झालेत. टाकीतलं पेट्रोल वरपर्यंत चढून डबी कुजलीय. ह्या घरात टाकी बसवणारं दुसरं कोण आहे?"

बाबांनी भिंग पालथं ठेवलं. त्यांना खोटं बोलता येत नसे. आयुष्यभर कंडक्टर त्यांच्या वतीने बोलत आला होता.

"टाकी मी बसवली," ते म्हणाले. "गाडी मी नाही चालवली."

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला. आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिने कोणाकडेच पाहिलं नाही. ती सरळ कपाटाशी गेली, चादरींच्या थप्पीत कोपरापर्यंत हात घातला आणि एक छोटं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कार्डावर आईचा फोटो होता. फोटोसाठी तिने केस नीट चापून बसवले होते आणि ती घाबरल्यासारखी हसत होती.

"त्रेसष्टाव्या वर्षी," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात नको तेवढा अभिमान आला. "पहिल्या फटक्यात पास. आठ काढून दाखवला, मागे घेऊन दाखवली. परीक्षा घेणारा म्हणाला, आजी, कोणी शिकवलं?"

ती तारीख पाहत होती. लायसन्स आठ महिन्यांपूर्वीचं होतं. तिच्या पत्राच्या दोन महिने आधीचं.

मोजायची गरज नव्हती, तरी तिने बोटांवर महिने मोजले. ह्याच टेबलाशी बसून तिने दोघांना सांगितलं होतं, 'नाही म्हणून कळवलं.' बाबा म्हणाले होते, तुझा तू निर्णय घेतलास, चांगलं केलंस. आईने पाठीवरून हात फिरवला होता, बराच वेळ. तो हात तिला इतके महिने पुरला होता. प्रयोगशाळेत वाईट वाटलं की ती तो आठवायची.

आणि शनिवार! दर शनिवारी आई मागच्या सीटवर दाराचा दांडा घट्ट धरून बसायची. 'हळू गं, हळू. अगं ट्रक आला.' ती हसायची आणि आईसाठी वेग कमी करायची. आठ महिने हे नाटक, आणि ताकास तूर लागू दिली नाही. परक्याने फसवलं असतं तर तिने त्याला चार शिव्या घातल्या असत्या. इथे शिव्या द्यायलाही तोंड उघडेना.

"किल्ली?" तिने विचारलं.

"हरवली नव्हती."

"कुठे कुठे गेलात?"

"धरणापर्यंत. तिथं सपाट रस्ता आहे," आई म्हणाली. "मावशीकडे दोन-चारदा. आणि मधेच, नुसतंच."

"म्हणजे मावशीलाही माहीत आहे."

आईने टेबलावरचा कण टिपला.

"आलो की ह्यांना पंपावर न्यायचे मी. तू भरून ठेवतेस तशी भरून ठेवायची, काटा हलायला नको म्हणून. मी म्हणायचे, ते टक् झालं, पुरे. हे म्हणायचे, बसवून घे, कमी पडलं तर पोरीच्या लक्षात येईल."

"आलं लक्षात," ती म्हणाली.

बाबा काहीतरी बोलायला गेले, पण आईनेच पुढे बोलायला घेतलं, आणि ते बरेच दिवस आत घोळवलेलं असावं, कारण ती कुठे अडखळली नाही.

"आधी वाटलं, तुला एकदम दाखवू. दारात गाडी आणून उभी करायची, बघ म्हणायचं. मग तुला ते बोलावणं आलं. आता सांगितलं तर तू जाणार, हे दिसतच होतं. तू शनिवारी येतेस ती गाडी चालवायला. मला येते म्हटल्यावर कशाला आली असतीस?"

"तुम्हाला भेटायला."

"नऊ तासांवरून?"

आई बरोबर बोलली, याचाच तिला जास्त राग आला.

"मला थांब म्हणायचं होतंस, आई. मी भांडले असते, रडले असते. कदाचित थांबलेही असते. पण ते मी ठरवलं असतं."

"आम्ही तुला कधी थांब म्हटलं नाही," बाबा म्हणाले.

"तेच तर म्हणतेय मी."

खालून कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. तिघंही खिडकीकडे पाहू लागली, जसं काही त्या हॉर्नचं यांच्याकडेच काम होतं. मग तिने पर्समधून किल्ली काढली, कड्यातून आपल्या घराची किल्ली वेगळी केली आणि गाडीची टेबलावर ठेवली. वेगळी करताना तिचं नख उलटलं.

"पुढच्या शनिवारी मी येणार नाही," ती उठत म्हणाली. "भेटावंसं वाटलं तर तुम्ही या माझ्याकडे. गाडी आहे, चालवणारी आहे. तासाभराचा तर रस्ता."

"अगं, तुझ्याकडे कुठे गाडी लावायला मिळते," आई म्हणाली. "तीन चकरा मारल्या आम्ही."

बोलून गेल्यावर आईच्या लक्षात आलं. तिने बाबांकडे पाहिलं, पण ती त्यांच्या बाजूला उभी होती आणि बाजूचं त्यांना दिसत नव्हतं.

दाराच्या मुठीवरचा तिचा हात तसाच राहिला.

"कधी आला होतात?"

बाबांनी पालथं भिंग सुलटं केलं.

"आई, कधी?"

"तू सोमवारी कळवणार होतीस ना," बाबा सावकाश म्हणाले. "त्याच्या आदल्या दिवशी. तुला सांगायलाच निघालो होतो. लायसन्स हिने पर्समध्ये घेतलं होतं. मी म्हटलं, पोरीची जागा हातची जाईल, चल, आजच्या आज सांगू."

"मग?"

"तू गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस," आई म्हणाली. "वर पाहिलं असतंस तर... म्हणजे खाली पाहिलं असतंस तर दिसलो असतो."

"मग वर का नाही आलात?"

आईने टेबलावरची किल्ली उचलली, मुठीत धरली, पुन्हा ठेवली.

"जागा मिळाली नाही गं."

तिच्या घरासमोर शाळा होती. इतर दिवशी फाटकापासून कोपऱ्यापर्यंत गाड्यांची रांग लागायची, पण सुटीच्या दिवशी तिथे मुलं रस्त्यावर विटांचे स्टंप लावून खेळत, इतकी मोकळी गल्ली.

"तो रविवार होता, आई," ती म्हणाली. "रविवारी तिथे अख्खी गल्ली रिकामी असते."

आईने मान वर केली. एवढ्या वेळात तिने पहिल्यांदाच लेकीकडे सरळ पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"असेल," ती म्हणाली. "आम्हाला नाही मिळाली."