पहिल्या ट्रॅकवरची साथ

आमच्या घरात ते रेकॉर्डिंगचं यंत्र आलं आणि दुपारची मला माझ्याच घरात शिंकायची चोरी झाली. मी पडदे शिवते. पुढच्या खोलीत खिडकीशी माझं शिलाई मशीन आणि त्याला लागूनच झोपायची खोली. तिथे कपाटाची दोन्ही दारं उघडी टाकून, टांगलेल्या कपड्यांकडे तोंड करून आमचे हे गिटार वाजवत बसायचे. कपड्यांमुळे म्हणे आवाज घुमत नाही. मी मशीनवर पाय ठेवला रे ठेवला की आतून हाक यायची, "अगं, थांब ना जरा! तुझं मशीन येतंय त्यात!"

"येऊ दे! माझ्या मशीनवर घर चालतं, तुमच्या नाही," मी ओरडायची. हे काही खरं नव्हतं. घर दोघांच्याही कमाईवर चालतं, पण भांडताना एवढं इकडचं तिकडे होतंच.

यंत्र असं फार मोठं नव्हतं. चष्म्याच्या डबीपेक्षा जरा मोठं, वरच्या टोकाला दोन माइक, मधे छोटासा स्क्रीन. ह्यांनी वाद्यांच्या दुकानातून कुणाचं तरी वापरलेलं आणलं होतं. त्यात चार ट्रॅक होते. म्हणजे आधी एका ट्रॅकवर साथ वाजवून ठेवायची, मग हेडफोनमधून ती ऐकत ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर मुख्य सुरावट वाजवायची. दोन्ही एकत्र लावलं की दोन माणसं समोरासमोर बसून वाजवतायत असं वाटतं. "एकटा माणूस दोघांचं वाजवू शकतो," हे मला अगदी कौतुकानं सांगत होते. मी म्हटलं, "मग एकटा माणूस दोघांची भांडी पण घासू शकतो." त्यावर ह्यांनी हेडफोन कानावर चढवले.

पण मी चिडत होते ती वरवर. हे सगळं कशासाठी चाललंय ते मला माहीत होतं.

हे लिफ्ट दुरुस्त करतात, सकाळच्या पाळीला, दुपारी घरी. ह्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, आधी ह्यांच्याच हाताखाली काम करायचे. दोघंही गिटार वाजवायचे. कामाचे कपडे उतरवायच्या आधी गिटार हातात घ्यायचे, हातांना ग्रीसचा वास तसाच. एक सुरावट तर दोघांनी मिळूनच बसवली होती. कुणाची उचललेली नाही, अगदी घरची. भाऊजी साथ धरायचे आणि हे वर मुख्य वाजवायचे. तिला नावबिव काही नव्हतं. "आपली ती" म्हटलं की दोघांना कळायचं.

मग तो अपघात झाला. एका इमारतीची लिफ्ट मधेच अडकली होती. वरच्या मशीनच्या खोलीत हे दोरापाशी हात घालून काहीतरी तपासत होते आणि ब्रेक सोडायचा दांडा भाऊजींच्या हातात होता. ह्यांनी "सोड" म्हणायच्या आधीच भाऊजींनी तो ओढला. दोर जेमतेम हलला, पण तेवढ्यात ह्यांचं बोट दोर आणि चाकाच्या मधे सापडलं. डाव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं. वरचं पेर गेलं.

हे कधी कुणाला एका शब्दानं काही बोलले नाहीत. साहेबांना सांगितलं, माझीच चूक. दवाखान्यात भाऊजी पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, चेहऱ्यावर रक्त नाही. हे त्यांनाच म्हणाले, "अरे छोट्या, काही नाही झालं. दुखत पण नाही." भाऊजींनी तेव्हापासून लिफ्टचं काम सोडलं ते सोडलंच. एका शाळेत मुलांना गिटार शिकवायला लागले आणि आमच्याकडे यायचे ते पाहुण्यासारखे. पाणी प्यायचे, माझ्या पडद्यांची चौकशी करायचे, दादाच्या हाताकडे चुकूनही बघायचे नाहीत. किती वर्षं असं चाललं होतं! मी मधे पडायला जायची तर हे म्हणायचे, "तू गप्प बस." मीही मूग गिळून गप्प बसायची, आणि मला ते अजिबात जमत नाही.

मग भाऊजींचा फोन आला. त्यांना दूरच्या गावी मोठ्या शाळेत नोकरी मिळाली होती. सुट्ट्या संपल्या की जाणार. "जायच्या आधी एकदा भेटून जातो, दादा."

"ये की. आणि गिटार घेऊन ये," हे म्हणाले.  भाऊजी नुसतं "बरं" म्हणाले.

त्याच आठवड्यात हे यंत्र घेऊन आले. ह्यांनी मनाशी काय ठरवलं होतं ते मला रात्री जेवताना सांगितलं. छोट्यासमोर "आपली ती" पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची. कुठे अडखळायचं नाही. बोट अर्धं आहे हे त्याच्या कानाला कळताच कामा नये. "एकदा का त्यानं ऐकलं की काही बिघडलेलं नाही," हे म्हणाले, "की सुटेल तो. मग खुशाल जाऊ दे."  मी पाणी आणायला म्हणून उठले.

आता ह्यांच्या पद्धतीबद्दल सांगते. लिफ्टवाल्यांचं काम म्हणजे पुस्तकात लिहिलंय तसं, त्या क्रमानं. यंत्राबरोबर आलेलं माहितीपत्रक ह्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. गाणं हळू कसं करायचं, एकच तुकडा पुन्हा पुन्हा कसा वाजवून घ्यायचा, सगळं शिकले. फक्त एक गोष्ट बंद करून टाकली. त्या यंत्रात तालाची टिकटिक असते, ती लावून वाजवायचं असतं. "कामावर लिफ्टची पीं-पीं कानात, आता ही पण?" असं म्हणून ह्यांनी ती बंद केली आणि साथ आपल्या अंदाजानं वाजवली. पहिल्या ट्रॅकवर साथ, दुसऱ्यावर मुख्य. गेलेल्या बोटाचं काम करंगळीला शिकवलं. करंगळी सुजायची. मी मिठाच्या गरम पाण्याचं भांडं पुढ्यात ठेवायची आणि वर दोन शब्द सुनवायची.

हळूहळू जमायला लागलं. मला तर इतकं पाठ झालं की पडद्याची दुमड घालताना मी तेच गुणगुणायची. सुट्ट्या संपत आल्या तेव्हा एका दुपारी ह्यांनी मला आत बोलावलं, हेडफोन माझ्या कानावर ठेवले आणि पूर्ण ऐकवलं. कुठे म्हणजे कुठे अडखळ नाही. "आहे का कुठे काही?" हे विचारत होते, शाळेतलं पोर निकाल विचारतं तसं. मी म्हटलं, "काही नाही हो. अगदी पूर्वीसारखं." मला खरंच तसं वाटलं होतं.

रविवारी भाऊजी आले. गिटार आणली होती, पण दाराशीच भिंतीला टेकवून ठेवली, जशी काही छत्री. चहा झाला, नव्या शाळेच्या गप्पा झाल्या. मग हे उठले, आपली गिटार घेऊन बसले आणि म्हणाले, "चल छोट्या. आपली ती."

"राहू दे ना दादा."

"काढ म्हणतो ना!"

भाऊजींनी गिटार काढली. सूर जुळवले. नजर खाली, जमिनीवर. त्यांनी साथ सुरू केली आणि ह्यांनी वरून उचलली. काय सांगू, घर भरून गेलं! माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच, मधल्या वळणावर, जिथे हात खालून एकदम वर सरकवायचा असतो, तिथे दोघांची फारकत झाली. भाऊजी पुढे निघून गेले आणि हे मागे राहिले. मला वाटलं भाऊजीच घाई करतायत. मनात म्हटलं, मेली कसली गाडी पकडायचीय ह्यांना?

"पुन्हा," हे म्हणाले.

पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. भाऊजींनी हात तारांवर सपाट ठेवला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. दवाखान्यातला चेहरा होता तो. "पुरे दादा," ते म्हणाले आणि गिटारचं कव्हर ओढायला लागले.

"अरे, पण यंत्रावर बरोबर येतं!" ह्यांचा आवाज चढला. "मी रोज वाजवतोय. तूच ऐक." आणि आतून यंत्र आणून हेडफोन भाऊजींच्या हातात जवळजवळ कोंबलेच.

भाऊजी ऐकायला लागले. पायानं ताल धरला होता. मधलं वळण आलं तसा पाय हवेतच थांबला, मग पुन्हा टेकला. त्यांनी तो तुकडा परत लावला. मग नुसती साथ ऐकली, मुख्य बंद करून.

"दादा, टिकटिक लावली नव्हतीस?"

"नाही. का?"

"तू साथच इथे थांबवलीयस." भाऊजी हळू बोलत होते, वर्गात एखाद्या हळव्या मुलाशी बोलतात तसं. "इथे बोट पोचायला वेळ लागतो हे तुझ्या हाताला माहीत होतं. म्हणून साथ वाजवतानाच तू थोडा थांबलास. मग त्या साथीवर मुख्य वाजवलंस, ते अगदी बरोबर बसलं. बसणारच. रोज तू तोच उशीर पाठ केलास."

 ह्यांनी यंत्र हातात घेतलं आणि त्याच्याकडे नुसते बघत बसले. एवढ्या दुपारी, एवढी सुजलेली करंगळी, आणि मी एवढी बिनआवाजाची वावरलेली! मला रडू यायच्या ऐवजी संताप आला. माझं तसंच होतं.

"पण एवढं कशासाठी केलंस?" भाऊजींनी विचारलं. "मला वाजवून दाखवायची काय गरज होती?"

हे हेडफोनची वायर गुंडाळायला लागले. मग मीच सुटले.

"कशासाठी काय विचारता? तुमच्यासाठी! बोट गेलं ह्यांचं आणि सुतक धरलंय तुम्ही! काही बिघडलं नाही हे तुम्हाला पटावं म्हणून हा माणूस कपाटात तोंड घालून बसलाय रोज. आणि तुम्ही येता, पाणी पिता, माझ्या पडद्यांचं विचारता. मला नकोत तुमच्या चौकश्या! त्या हाताकडे एकदा तरी बघितलंत का?"

"अगं!" हे ओरडले. पण तोंडातून गेलं ते गेलं.

भाऊजींनी गिटार खाली ठेवली. मला वाटलं, आता उठून जातात, आणि आपण कायमचं वाटोळं केलं. ते उठले खरे. पण दाराकडे गेले नाहीत. ह्यांच्यासमोर येऊन जमिनीवर बसले आणि म्हणाले, "हात दाखव."

"अरे, सोड ना."

"दाखव, दादा."

ह्यांनी हात पुढे केला. भाऊजींनी तो दोन्ही हातांत धरला आणि ते बोट पाहिलं. टोकाची गुळगुळीत कातडी अंगठ्यानं चाचपली. 

"दुखतं?" भाऊजींनी विचारलं.

ह्यांचं नेहमीचं उत्तर ओठांवर आलेलं मला दिसलं. अरे, काही नाही, वगैरे. पण ते बाहेर पडलं नाही. ह्यांनी एकदा त्या यंत्राकडे पाहिलं आणि मग भावाकडे.

"दुखतं," हे म्हणाले. "थंडीत तर फारच."

मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं! मी, जी रोज शेजारी झोपते, तिला!

"आणि तुझा राग आला होता छोट्या. दांडा ओढलास त्याचा नाही. त्यानंतर तू भाऊ म्हणून आलाच नाहीस, त्याचा. बोटाबरोबर तू पण गेलास. बोटाच्या जागी करंगळी तरी होती. तुझ्या जागी मी कुणाला बसवणार होतो? म्हणून ते यंत्र आणलं."

भाऊजी ढसाढसा रडले. एवढा मोठा मास्तर, ह्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून. "मग शिव्या द्यायच्यास ना," असं काहीतरी म्हणत होते. ह्यांनी मग दिल्या. मनात साठलेल्या, तब्येतीत, एकेक. लिफ्टवाल्यांच्या शिव्या त्या, इथे सांगण्यासारख्या नाहीत. मी एकीकडे डोळे पुसत होते आणि एकीकडे मला हसू आवरत नव्हतं.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा भाऊजींनी तोंड धुतलं आणि गिटार उचलली. "त्या वळणाला मी थांबू का दादा?" त्यांनी विचारलं. "थोडंसं. कुणाला कळणार नाही."

"थांबायचं नाही," हे म्हणाले. "तू आपला नीट वाजव. मला उशीर झाला तर झाला."

झालाच. भाऊजी वळणावरून पुढे गेले, हे मागे राहिले, दोन सूर चक्क गाळले आणि पुढच्या ठिकाणी धावत जाऊन त्यांना गाठलं. भाऊजी साथ करत होते आणि पूर्ण वेळ त्या हाताकडे बघत होते.