लाल शाईतलं 'सीन'

पुंडलिकराव मास्तरांना मोतीबिंदूनं दिसेनासं झालं, त्याच वर्षी त्यांनी आयुष्यातल्या सगळ्यात जास्त वह्या तपासल्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. डोळ्यांचं बाहेर फुटलं तर घरी बसवतील, ही धास्ती. म्हणून वही आली की ते झटकन उघडायचे, पानाच्या तळाशी अंदाजानं पेन टेकवायचे आणि लाल शाईत झोकदार 'सीन', म्हणजे 'पाहिलं', लिहून सही ठोकायचे. अठ्ठ्याहत्तर सालात तालुक्यात एवढा तत्पर इंग्रजीचा मास्तर नाही, असं हेडमास्तर कृष्णराव कौतुकानं सांगत फिरायचे.

शिकवायला डोळे लागतच नव्हते. तीस वर्षांचं तोंडपाठ होतं. त्या आठवड्यात 'सी' हे क्रियापद चाललं होतं.

"झाड दिसलं, सी. गोष्ट समजली, आय सी. डॉक्टरले भेटाले गेलो, तरी सीच! साहेबाची भाषा लय कंजूष हाय पोट्टेहो, एकाच शब्दावर संसार भागवते."

वर्ग खदखदून हसला. 'सी'ची पाच वाक्यं घरून लिहून आणायची होती.

दुसऱ्या दिवशी नववीतली लीला वही घेऊन टेबलापाशी आली. तिला परवाच तुमसरचे पाहुणे पाहून गेले होते, मुलगा राइस मिलमध्ये होता. गावभर झालेली ही बातमी मास्तरांच्याही कानावर होती.

"सर, आज पुरं वाचून पाहाजा जी," ती हळूच म्हणाली.

"वाचतोच न बाई! मी इथं कायले बसलो मंग?" मास्तरांनी पान नाकाशी धरलं, दोनदा हुंकार भरला आणि 'सीन' लिहिलं. "अक्षर बेस हाय." हे ते सगळ्यांनाच म्हणत. लीला जराशी थांबली आणि गेली.

पंधरा दिवसांनी शाळेची तपासणी झाली. कृष्णरावांनी सुंदर अक्षराच्या वह्या निवडून मांडल्या, त्यात लीलाची सगळ्यात वर. साहेब जेवण झाल्यावर वह्यांकडे वळले. त्यांनी मास्तरांच्या सहीखाली हिरव्या शाईत आपली सही केली, त्याखाली कृष्णरावांनी निळ्या शाईत केली. मग त्या वह्या मानानं कपाटात गेल्या. माघात लीलाचं लग्न लागलं. हजेरीपटातून तिच्या नावावर रेघ मारली, तीही मास्तरांनी, अंदाजानंच.

पुढच्या वर्षी सानगडीला फुकट नेत्रशिबिर भरलं. सुलोचनाबाईंनी नवऱ्याला जवळजवळ ओढतच नेलं. मोतीबिंदू काढला, जाड भिंगांचा चष्मा लागला आणि मास्तरांना वाचनाचं वेडच लागलं. तंबाखूची पुडी, एस.टी.चं तिकीट, गेल्या सालचं कॅलेंडर, काही म्हणून सोडेनात. त्या भरात एका दुपारी त्यांनी शाळेचं कपाट उघडलं. सगळ्यात वर लीलाची वही होती.

अक्षर खरंच बेस होतं. आय सी अ ट्री. आय सी अ काऊ. गेस्ट्स केम टू सी मी. आय डू नॉट वॉन्ट मॅरेज, आय वॉन्ट स्कूल. सर, प्लीज सी माय फादर.

एक चूक नव्हती. खाली तीन रंगांत तीन सह्या होत्या.

वही काखेत मारून मास्तर तडक लीलाच्या बापाकडे, डोमाकडे निघाले. डोमा अंगणात बांबूची टोपली विणत होता. तो लगबगीनं उठला, त्यानं बाज टाकली.

"या जी सर. तुमचे लय उपकार हायेत."

"माहे? काहून?"

"पोरगी अडून बसली होती न जी. म्हणे, मी सरले लिहून देल्लं, ते तुमाले भेटाले येतीन. सर नाही म्हणतीन त लगन नाही करायचं, असं मीनंच म्हटलं होतं. आठ दिवस वाट पाहिली. तुमी काही आले नाही. मंग मीनं वही मांगून पाहिली. मले वाचता येत नाही, पण लाल सही दिसली. म्हटलं, मास्तरनं पाहिलं न काही बोलले नाही, म्हणजे मंजूर हाय. तिलेही तेच सांगतलं. मंग तिनं अडणं सोडलं."

मास्तर बाजेच्या काठावर बसले.

डोमाचं लक्ष वहीकडे गेलं. "तिचीच न जी? काय लिवलं होतं तिनं? वाचून दाखवा न."

ऊन लख्ख पडलं होतं. नव्या भिंगांतून अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत होतं. मास्तरांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला, आणि वर्षभर जे कुणालाही सांगितलं नव्हतं ते पहिल्यांदाच तोंडानं बोलले.

"मले दिसत नाही, डोमा."