माइक वसुंधराबाईंच्या हातात

मानसिंगरावांनी पुन्हा "जी!" म्हटलं आणि काचेच्या अलीकडे बसलेल्या त्यांच्या बायकोने, वसुंधराबाईंनी, कपाळावर हात मारून घेतला.

हार्ट अटॅक येऊन गेला, त्यात हृदयाचा किती भाग कायमचा मेला आणि किती जिवंत आहे, हे आज एमआरआयमध्ये दिसणार होतं. जिवंत भाग पुरेसा निघाला तर बायपास, नाहीतर गोळ्या आणि देवाची मर्जी. त्यासाठी सांगतील तेव्हा श्वास सोडून गप्प पडून राहायचं, बस्स. पण गप्प राहतील तर मोहिते कसले! पणजोबा बडोद्याच्या पलटणीत होते. हुकूम कानावर पडला की आधी "जी" म्हणायचं आणि मग हलायचं, ही घराण्याची शिस्त. पलटण गेली, संस्थान गेलं, गुजरात झालं, यांचं "जी" काही जाईना.

"काका, बोलशो नहीं!" मशीन चालवणारे पटेलभाई माइकवर रडकुंडीला आले होते. "श्वास काढो... रोकी राखो."

"जी!"

चित्र पुन्हा पुसट.

"चित्रासाठी दिलेल्या इंजेक्शनचा असर उतरत चाललाय," डॉक्टर निरुपमा म्हणाल्या. "आता नाही जमलं तर सगळं वाया."

वसुंधराबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी घसा फोडून ओरडलं तरी हा माणूस पेपरातून मान वर काढत नाही, आणि इथे परक्याला जी-जी!

"द्या तो माइक इकडे, पटेलभाई. माझ्या हाकेला आजवर ओ दिलेली नाही त्यांनी."

त्या माइकवर कडाडल्या, "श्वास सोडा. रोखा!"

आतून चकार शब्द नाही.

"घ्या आता!"

चित्र स्वच्छ आलं. मग दुसरं, तिसरं. आनंद मानावा की डोकं आपटावं, हेच बाईंना कळेना.

"सोडा. रोखा!"

हे शेवटचं. ते पडद्यावर उमटताच डॉक्टरांनी बोट ठेवलं. "हा पांढरा भाग गेलाय, काकू. पण हा काळा सगळा जिवंत आहे. बायपास करता येईल."

वसुंधराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग माइककडे वळल्या.

"अहो, ऐकलंत का? ऑपरेशन होणार!"

उत्तर नाही.

"अहो!" त्यांचा आवाज चिरकला. "बोला ना काहीतरी! मानसिंगराव!"

लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं होतं.

आतून धाप लागलेला आवाज आला, "अगं, श्वास घ्या म्हणालीस कुठं अजून?"