अर्ध्या पानाचा अर्ज

“काका, मला कोणी मारलं?” शिवणवाल्या बाईंनी नुकताच टंकलेला अर्जाचा कागद टंकलेखकाच्या नाकासमोर धरला.

टंकलेखकाने चष्मा कपाळावर सरकवला. कोर्टाच्या पायऱ्यांशेजारी टेबल मांडून त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. आजवर घटस्फोट हवा असेल तर दुसऱ्याचा गुन्हा सिद्ध करावा लागे. ‘मारहाण केली, उपाशी ठेवले’ हा मजकूर नमुना म्हणून टेबलाच्या काचेखालीच होता. गेल्या महिन्यात कायदा बदलला. दोघांची संमती आणि वर्षभर वेगळं राहणं, एवढं पुरे. त्याच्या डोक्याला ते कळलं होतं, बोटांना अजून नव्हतं.

“सवय हो, ताई. पण ती ओळ राहू द्या की. अर्जाला जरा वजन येतं.”

“आठ वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होतात. तेव्हा मी उठून गेले होते.”

बाकावर बसलेला त्यांचा नवरा, पंप दुरुस्त करणारा, हसला. “मी हिला मारणार? हिच्या हातात कायम कात्री असते, काका!”

“तुम्ही गप्प बसा हो!” बाई म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आलंच. मग त्यांचा आवाज खाली आला. “आमचं पटलं नाही, खरंय. पण ह्यांनी कधी हात उगारला नाही. उद्या मुलगी हा कागद वाचेल. तिच्या बापाबद्दल खोटं लिहून देऊ? ह्या एका ओळीपायी आठ वर्षं थांबलेय मी.”

बाराला अर्ज घेण्याची खिडकी बंद व्हायची. पावणेबारा झाले होते, आणि आज चुकलं की पुढची तारीख थेट तीन महिन्यांनी.

टंकलेखकाने तो कागद फाडला, नवा चढवला. नावं, लग्नाची तारीख, वेगळं राहू लागल्याची तारीख, दोघांची संमती. अर्ध्या पानावर यंत्र थांबलं.

“झालं?” नवऱ्याने विचारलं.

“झालं. बाकीचं तुमच्यापाशी ठेवा. कायदा आता विचारत नाही.”

दोघांनी सह्या केल्या. शिवून झालेला कपडा गिऱ्हाइकाला द्यावा तसा, घडी न पाडता, बाईंनी कागद दोन्ही हातांवर घेतला आणि त्या ताठ मानेने पायऱ्या चढू लागल्या. नवरा एक पायरी मागे होता.

टंकलेखकाने काच उचलून नमुन्याचा पिवळा कागद ओढून काढला. त्याखालचं लाकूड अजून नव्यासारखं होतं. इतक्या वर्षांत तिथे ऊन पोहोचलंच नव्हतं.