पांढऱ्या खांबांचं घर

बटण मोत्याएवढं होतं, वरून काळं कापड चढवलेलं, आणि ते ग्रेडीच्या बोटांत ठरत नव्हतं. फरश्या बसवून बसवून बोटांची टोकं इतकी जाड झालेली की सुई टोचलेली कळलीच नाही – मोटेलच्या पांढऱ्या चादरीवर रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा कळलं. ड्रेसला तर लागलं नाही ना? त्याने ड्रेस खिडकीपाशी नेऊन पाहिला. नव्हतं लागलं. हाच ड्रेस त्याच्या पोरीने, टॅटमने, मार्चमध्ये एकदा घातला होता, आईच्या अंत्यविधीला, चर्चमध्ये, पहिल्या बाकावर... तेव्हा बटणाकडे बघायला कुणाला वेळ होता.

कॉलेजच्या सोरोरिटीत शिरायच्या शेवटच्या फेरीला काळं घालायचं, गुडघ्यापर्यंत. त्याच्या बायकोने, लीअ‍ॅनने, दवाखान्यातल्या खाटेवरून, नाकातली नळी बाजूला सारून, पोरीला बजावलं होतं. च्युइंग गम नको. पाणी पीत राहा. कुणी कितीही आग्रह केला तरी पहिल्या दिवशी कुठल्याच घराच्या प्रेमात पडू नकोस.

ग्रेडीने दोरा ओढून गाठ मारली. आज होऊन जाऊ दे. आठवडाभर बाकीच्या आया भाड्याच्या मोठ्या घरांत इस्त्र्या मांडून बसल्या होत्या, आणि हा एकटा बाप मोटेलात टॉवेल अंथरून ड्रेस सरळ करत होता – पण निभावलं त्याने. रोज सकाळी काही सोरोरिटी – कॉलेजातल्या मुलींचे संघ, प्रत्येकाचं आपलं राहायचं घर – पोरींना पुन्हा बोलवायच्या, काही गाळायच्या. टॅटमच्या वाट्याला आता दोन उरल्या होत्या. एक पांढऱ्या खांबांच्या घरातली, लीअ‍ॅन कॉलेजात असताना जिच्यात होती ती. दुसरी कोपऱ्यावरची विटांची, जिचं नाव त्यांच्या गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. फेरी संपली की पोरींनी तसंच सभागृहात जायचं, घरांची नावं पसंतीने लावायची, सही करायची, आणि सही केल्यावर वर्षभर मागे फिरता येत नाही. टॅटम पांढऱ्या खांबांचं घर पहिलं लिहील. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

त्या घरासमोर सोमवारी मरला भेटली होती, एके काळी तिथे लीअ‍ॅनबरोबर एका खोलीत राहणारी. "ग्रेडी, अरे, आमच्या वेळच्या सगळ्याजणी त्या खोलीला अजून लीअ‍ॅनची खोली म्हणतो," ती म्हणाली, आणि तो ट्रकमध्ये जाऊन काचा वर करून बसला होता. गावात कुणी तिचं नाव घेत नाही. चर्चमधल्या बायका झाकलेली भांडी आणून ठेवतात आणि 'ती' म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात मी शिरलो की बोलणंच बदलतं. त्यांना वाटतं, नाव घेतलं तर मला लागेल... आणि इथे, एका लॉनवर, भर उन्हात, एक बाई हसत हसत लीअ‍ॅन म्हणाली. टॅटम तिथे गेली तर पोरींच्या घरच्यांना बोलावतात तेव्हा मीही जाईन. त्या लॉनवर उभा राहीन. कुणीतरी पुन्हा म्हणेल.

टॅटम न्हाणीतून लंगडत बाहेर आली.

"झालं का शिवून, डॅडी? की सिमेंट लावून चिकटवलंस?"

"गप. टाच कशी आहे?"

"सोललीय." ती खाटेच्या कडेला बसली. "एक सांगू? रागावू नकोस. परवा मी मम्माच्या घरात रडले ना..."

"मरलाचा फोन आला होता. म्हणाली, सगळं घर रडलं."

"मी टाचेमुळे रडले."

ग्रेडीने सुई दोऱ्याच्या रिळात खोचली.

"भिंतीवर मम्माचा फोटो, दोन्हीकडून दोघींनी माझे हात धरलेले, माना तिरक्या केलेल्या... आणि बूट असा चावत होता, डॅडी! डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, मम्मा. मग एक रडली, दुसरी रडली, तिसरीने गाणंच सुरू केलं. मध्येच कसं सांगू, की बायांनो, बूट चावतोय?"

तो हसला. पोटातून, खोकला येईपर्यंत. लीअ‍ॅनला ही गोष्ट सांगायला हवी – आणि मग नेहमीसारखं हसू तिथेच थांबलं.

"आणि त्या दुसऱ्या घरात?" त्याला विचारायचं नव्हतं.

"तिथे रेनी म्हणून एकजण आहे. म्हणाली, आधी बूट काढ. जिन्यावर बसवून पट्टी लावली. म्हणाली, कुणी बघितलं तर सांगू, हिच्या गावात असंच अनवाणी फिरतात. मी म्हटलं, फिरतातच! मग आम्ही बोलतच बसलो."

"तिला मम्माचं ठाऊक आहे?"

"नाही. मी सांगितलं नाही." ती पायाची पट्टी दाबत राहिली. "डॅडी, काय लिहू?"

उत्तर तयार होतं, आठवडाभर ओठांवर होतं. तुझ्या मम्माची इच्छा होती... होती का? त्याने खाट आठवली, नळी आठवली, काळं घाल, पाणी पी, प्रेमात पडू नकोस – आणि पुढे? पुढे घराचं नाव यायला हवं होतं. तो शोधत राहिला. म्हणाली असेल. मी कॉफी आणायला गेलो तेव्हा म्हणाली असेल... मी ऐकलं मात्र नव्हतं.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "मी सांगेन, आणि तू ऐकशील."

टॅटम ड्रेस घेऊन न्हाणीत गेली, घालून बाहेर आली. मग पाठ वळवली, आणि त्याने गळ्यामागचं बटण लावलं.

तिला सोडल्यावर तो मैदानापलीकडे ओकच्या सावलीत उभा राहिला. तिथे आया घडीच्या खुर्च्या टाकून, बर्फाची पेटी मध्ये ठेवून बसल्या होत्या. एकीने त्याच्या हातात गोड चहाची बाटली ठेवली.

"बसा हो, उभं राहून पोरी लवकर येत नाहीत. तुम्हाला कुठलं घर हवंय?"

त्याने तोंड उघडलं. खांब, लॉन, मरला, सगळं घशापर्यंत आलं.

"माझी बायको..." तो म्हणाला, आणि आवाज कापेल म्हणून थांबला. कापला नाही. "लीअ‍ॅन. लीअ‍ॅन तिचं नाव. तिला हा उकाडा अजिबात सोसायचा नाही."

बाईने पलीकडच्या खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली. "कशी होती?"

हे त्याला अजून कुणी विचारलं नव्हतं. तो बसला. कुठून सुरुवात करावी... तिकडे पोर काय लिहील ते लिहो. सांगायचं होतं खूप, आणि आता तो ते सांगणार होता, ऐकणारी कुठल्या का घराची असेना.